ओर्ट्रून नावाची राखण

परदेशातून आलेल्या पाकिटाला एक निराळाच वास असतो. फोडण्यापूर्वी मी ते नाकाशी धरले, तेव्हा त्यातून डिंकाचा, बंद लाकडी कपाटाचा आणि मी कधीही न पाहिलेल्या कुठल्याशा हिवाळ्याचा वास आला. आणि त्याच क्षणी पंचगंगेच्या अंगाने वाहत आलेल्या वाऱ्याबरोबर गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचा दाट, गोड, किंचित करपलेला दरवळ खिडकीतून आत शिरला, आणि पौषातल्या त्या दुपारी माझ्या टेबलावर दोन ऋतू एकमेकांची ओळख नसताना शेजारी शेजारी बसले. उन्हाची एक तिरपी पट्टी शाईच्या दौतीवरून सरकत पाकिटावरच्या अनोळखी तिकिटापाशी येऊन थांबली होती. पाकिटे मी आयुष्यभर फोडत आलो, पण बहुधा संशयाने. कारण त्यांत ‘आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ या एका निर्जीव वाक्याखेरीज काही निघत नसे. त्या दिवशी मात्र पाकीट फोडताना माझा हात संशयाने नव्हे, उत्सुकतेने थबकला होता.

त्या पाकिटात एका नावाचा अर्थ होता.

मी जिल्हा न्यायालयात नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कायद्याचा काळा कोट माझ्या वाट्याला आला नाही, पण कायद्याची चाड मात्र कोटवाल्यांपेक्षा अधिक आली, असे मला आजही वाटते. नळाला वेळेवर न येणाऱ्या पाण्यापासून रस्त्यावरच्या चुकीच्या पाट्यांपर्यंत ज्या ज्या गोष्टीने माझे रक्त तापले, त्या त्या गोष्टीवर मी पत्र लिहिले, त्याची नक्कल ठेवली, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवले. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीने मला ‘अर्जवाले आबा’ म्हणायला कधी सुरुवात केली, ते आठवत नाही; त्यांनी ते थट्टेने म्हटले, मी ते पदवीसारखे घेतले. राग हा माझा दोष आहे असे सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारत आलो, की जे कागदावर आहे ते जमिनीवर नाही हे पाहून ज्याला राग येत नाही, त्याने कागद वाचायला तरी का शिकावे?

त्या नावाचा पहिला अर्जही रागातूनच जन्मला. आमच्यापासून दोन घरे सोडून शामराव चौगुले राहत. मूळचे शेतकरी घराण्यातले, पण लोखंडावर हात बसलेला फिटर माणूस. त्यांच्या मुलीला शाळेत घालण्याची वेळ आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी दाखल्याचा अर्ज परत केला. हे काही नाव नव्हे, एखादे रीतसर नाव घालून आणा, असा निरोप दिला. शामराव माझ्या ओसरीवर आले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मुलीचे नाव होते ओर्ट्रून. ‘ओर्ट्रून शामराव चौगुले’ हे तीन शब्द एका ओळीत मी प्रथम पाहिले, तेव्हा नऊवारी नेसलेल्या बाईच्या पायांत कुणी परदेशी बूट घातल्यासारखे मला वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

पण त्या नावाची हकीकत ऐकल्यावर हसू मावळले. वारणेच्या काठी एका साखर कारखान्याची उभारणी चालली होती आणि शामराव तिथे कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. यंत्रे जर्मनीहून आली होती, आणि ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर पत्नीसह वर्षभर तिथल्या वसाहतीत राहिला होता. श्रावणातल्या एका सकाळी शामरावांच्या पत्नीचे, हौसाबाईंचे, दिवस भरले. पुरुषमंडळी नदीपलीकडे अडकलेली, रस्त्यांचा चिखल झालेला, आणि जीप चालवता येणारे माणूस वसाहतीत एकच, ती जर्मन बाई. तिने हौसाबाईंना आणि एका सुईणीला जीपमध्ये घातले आणि कोल्हापूरची वाट धरली. उसाच्या दोन उंच फडांमधल्या वाटेवर जीप रुतली ती रुतलीच, आणि मूल तिथेच, ताडपत्रीच्या छताखाली, पानांवर पडणाऱ्या सरींच्या आवाजात जन्मले. बाईला मराठी येत नव्हते, हौसाबाईंना दुसरे काही येत नव्हते. तीन तास एकीने दुसरीचा हात धरला होता, एवढाच काय तो त्यांच्यातला संवाद. शेवटी हौसाबाईंनी खुणेने तिचे नाव विचारले. तिने ते सांगितले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. पण आत्याच्या जिभेवर ते नाव काही केल्या बसेना, म्हणून तिने आपला मान आपण होऊन सोडला आणि त्या बाईलाच पाळण्यापाशी बसवले. तिने वाकून मुलीच्या कानात स्वतःचेच नाव हलकेच सांगितले, आणि कुठल्याही सूचनेशिवाय, जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीवर रिवाजाप्रमाणे धपाटे घातले. ती आधी दचकली, मग इतकी हसली की पाळणा हलला, असे हौसाबाई पुढे कितीतरी वर्षे सांगत. यंत्रे सुरू झाली, ती दोघे परत गेली, एक रंगीत कार्ड आले, त्यानंतर काहीच आले नाही.

मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले. अपत्याचे नाव काय असावे हे ठरवण्याचा अधिकार पालकाचा आहे, शाळेचे काम ते लिहून घेण्याचे आहे, आणि नाव ‘रीतसर’ नसणे म्हणजे काय, याची व्याख्या कोणत्या नियमात दिली आहे ते कळवावे, अशी विचारणा केली. व्याख्या आली नाही, प्रवेश मिळाला. गल्लीने त्या नावाचे ‘रूनी’ केले आणि ती मुलगी पाटी घेऊन शाळेत जाऊ लागली.

मात्र माझ्या मनात एक रुखरुख राहिली. ज्याची बाजू मांडतो, तो कोण आणि कुठला, हे ठाऊक नसावे ही गोष्ट न्यायालयात वावरलेल्या माणसाला शोभणारी नव्हती. ओर्ट्रून म्हणजे काय? हे फुलाचे नाव की नदीचे, देवीचे की राणीचे? आपल्याकडे सुमनचा अर्थ विचारावा लागत नाही, कृष्णाबाईचा विचारावा लागत नाही. हा शब्द मात्र अर्थावाचून आमच्या गल्लीत खेळत होता. शामरावांकडच्या त्या रंगीत कार्डावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून मी गावाचे नाव लावले, आणि तिथल्या जन्मनोंदणी कचेरीला इंग्रजीत एक सविस्तर पत्र धाडले. माझ्या स्वभावाप्रमाणे त्यात उत्तराची मुदतही घातली.

त्याचे उत्तर त्या पौषातल्या पाकिटात होते. लिहिणारा त्या कचेरीतला वृद्ध नोंदणी कारकून होता, आणि माझ्याइतकेच जपून लिहिलेले त्याचे इंग्रजी वाचताना मला हजारो मैलांवरचा एक भाऊबंद भेटल्यासारखे झाले. हे नाव त्यांच्या फार जुन्या भाषेतले, दोन शब्दांचे मिळून झालेले. पहिल्या शब्दाचा अर्थ शस्त्राचे टोक, भाल्याचे अणकुचीदार टोक. दुसऱ्याचा अर्थ गुपित. हलक्या आवाजात, कानाशी सांगितलेली गोष्ट. पूर्वीच्या काळी त्यांच्याकडे असे दोन शब्द जोडून नावे करीत, आणि जोडताना त्यांतून सरळ एक वाक्य निघावे असा आग्रह धरीत नसत. आईकडच्या एका नावातला शब्द आणि वडिलांकडच्या एका नावातला शब्द असेही शेजारी येत. तेव्हा भाल्याचे टोक आणि गुपित यांचा परस्परसंबंध काय हे आपण विचारू नये, असे त्याने नम्रपणे सुचवले होते. नाव त्यांच्याकडेही दुर्मीळच. उभ्या नोकरीत ते आपण स्वतःच्या हाताने दोनदाच लिहिले, आता तर आईबापांना आखूड आणि सोपी नावे हवी असतात, असे लिहून तो पुढे म्हणत होता, की हे नाव तुमच्या नदीकाठी कुणीतरी हाक मारण्यासाठी वापरते आहे हे वाचून मी दिवसभर काम करू शकलो नाही. त्या बाईचे कुटुंब गाव सोडून गेले होते. कुठे, ते नोंदीत नव्हते.

विचारू नये असे त्याने लिहिले खरे, पण मी विचारतच राहिलो. कानाशी हलकेच सांगितलेली गोष्ट! आणि पाळण्यावर वाकलेली ती बाई! अर्थ माहीत नसताना आमच्या बायकांनी त्या नावाचा अर्थच साजरा केला होता. संध्याकाळी मी ते पत्र शामरावांच्या घरी मोठ्याने वाचून दाखवले. रूनी तेव्हा सात वर्षांची असेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि भाल्याचे टोक तेवढे आपल्याला आवडले, असे सांगून ती खेळायला पळाली.

मध्ये चौदा वर्षे गेली. मी निवृत्त झालो, रूनी शास्त्राची पदवी घेऊन एका शाळेत शिकवू लागली. एक्याऐंशी सालच्या फाल्गुनात, आंब्याच्या मोहोराचा उग्र वास गल्लीभर साचलेला असताना, ती माझ्या ओसरीवर आली आणि वडील जिथे टोपी घेऊन बसले होते नेमकी तिथेच बसली. जयसिंगपूरच्या एका व्यापारी घरी तिचे लग्न ठरले होते. मुलगा तिथल्याच शाळेत शिक्षक, तिला पसंत, घर भले. फक्त त्यांच्या घराची रीत अशी, की सून उंबरा ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर तिचे नवे नाव लिहायचे. नाव ठरलेही होते, ‘सुनंदा’. तिने मला एकच प्रश्न विचारला, की तांदळात लिहिलेल्या नावाने कागदावरचे नाव कायद्याने जाते का. मी म्हणालो, मुळीच जात नाही. त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो, स्वतःची सही लागते.

“ते नाव मला दिलेलं न्हाय, आबा,” ती म्हणाली, “माझ्याकडं ठेवायला दिलंय. ती बाई कुठं हाय कुणाला ठावं न्हाय. मी नुस्ती राखण करतोय.”

आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, ‘करतोय’, ‘जातोय’. पण त्या दिवशी ते क्रियापद मला एखाद्या पहारेकऱ्याच्या तोंडचे वाटले. बाबा सवडीने पाहुण्यांशी बोलणार आहेत, तोवर तुम्ही कुणाला काही बोलू नका, असे तिने जाताना बजावले. मी मान हलवली. आणि ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होण्यापूर्वीच मी दौतीचे झाकण उघडले होते.

ते पत्र मी आज पुन्हा वाचले; नक्कल आहेच. अकरा मुद्दे, प्रत्येक मुद्दा बिनतोड. व्यक्तीचे नाव ही तिची मिळकत आहे. संमतीवाचून मिळकतीचे हस्तांतर होत नाही. रूढी कितीही जुनी असली तरी ती विवेकाला धरून असावी लागते. वरपित्याने आपले म्हणणे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. आणि हे सगळे मी रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले! लग्नाच्या घरी अक्षतांच्या आधी नोटीस पोहोचते, तेव्हा तिथे काय होते, हे तीस-पस्तीस वर्षे नोटिसांच्या गठ्ठ्यांत वावरलेल्या माणसाला समजू नये, ही चूक माझ्यासारख्याच्याच हातून व्हायची होती.

चौथ्या दिवशी शामराव आले. बसले नाहीत. उभ्या उभ्या एवढेच म्हणाले, “पोरीचं लगीन मोडलं की ओ आबा, तुमच्या पोस्टानं.” त्यांच्यामागे फाटकात रूनी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, पण ती रागावली नव्हती, आणि मला रागाशिवाय दुसरे काही सोसता येत नाही.

लग्न अजून मोडले नव्हते. पण मोडायला माणूस निघाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जयसिंगपूरचे तात्या, म्हणजे मुलाचे वडील, थेट माझ्या ओसरीवर आले. उंच, खणखणीत आवाजाचे, पटका बांधलेले, हातात माझे पाकीट. शामरावांकडे जाण्याआधी लिहिणाऱ्याला बघायचे होते, असे त्यांनी सांगितले.

“पावणं, लगीन ठरवलंय का खटला भरलाय?”

मी माझे मुद्दे मांडायला सुरुवात केली. त्यांनी तिसऱ्या मुद्द्यापर्यंत शांतपणे ऐकले, मग हात वर केला. त्या नावाशी आपले काही भांडण नाही, ते म्हणाले. आपली आई नव्वदीची आहे, तिला ते म्हणता येणार नाही, आणि आपल्या घरात आजवर आलेल्या प्रत्येक सुनेचे नाव ताटात लिहिले गेले आहे, आपल्या पत्नीचेसुद्धा. तरीही आपण हट्टी नाही.

“तुम्ही कोर्टातलं माणूस. मागचा निकाल दावला की पुढचा तसाच देत्यात म्हणं. मग तुमच्या घरचा दावा. वैनींचं नाव तुम्ही काय केलं? जे केलं आसंल, ते मी बी करतो. हितंच लिहून देतो.”

माझ्या पत्नीचे नाव मालती. हे नाव तिला मी दिले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी, चांदीच्या ताटात पसरलेल्या आंबेमोहोर तांदळावर सोन्याच्या अंगठीने मी ते लिहिले होते, आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षराचे जमलेल्या सर्वांनी कौतुक केले होते; ते कौतुक मला अजून आठवते. ती निपाणीच्या पलीकडच्या, कानडी बोलणाऱ्या एका खेड्यातली. तिकडचे नाव आमच्या घरात शोभणार नाही, असे माझी आई म्हणाली होती, आणि ते मला पूर्णपणे विवेकाला धरून वाटले होते. लग्नाच्या याद्यांमध्ये मी ते नाव पाहिले होते. उच्चारले कधीच नव्हते. तिचे भाऊ तिला अक्का म्हणत, मुले आई म्हणत, मी ‘अगं’ म्हणत आलो.

आतल्या दारात कपबशीचा आवाज झाला. चहा घेऊन ती दाराआड थांबली होती. मागे वळून न पाहताही ती तिथे आहे हे मला कळत होते. पूर्वनिर्णय माझ्या विरुद्ध होता, आणि तो देणारा मीच होतो. आयुष्यात मी एकही पत्र मागे घेतलेले नाही.

“आमच्या घरी बदललं,” मी म्हणालो. “तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.”

तात्या भांडायला आले होते. समोरचा पक्ष असा खाली बसल्यावर काय करायचे, ते त्यांना सुचेना. त्यांनी पाकिटाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. चहा आला, मालतीने तो माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न पाहता ती आत गेली. तात्या बशीत चहा ओतू लागले, आणि जणू चहाविषयीच बोलावे तसे म्हणाले, की आमच्या मंडळींचे माहेरचे नाव मलाही आता आठवून सांगावे लागेल. कप ठेवून ते उठले आणि शामरावांच्या घरी गेले. तिथे त्यांनी रूनीला समोर बसवून विचारले, बाई, तुला काय पाहिजे? या सगळ्या प्रकरणात तिला हा प्रश्न विचारणारा तो पहिला मनुष्य. मी अकरा मुद्दे लिहिले, पण तो बारावा मला सुचला नव्हता.

वैशाखात लग्न झाले. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण म्हणून जाण्यासाठी हौसाबाईंनी मालतीला गळ घातली, आणि दोन दिवस माझे घर तिच्यावाचून चालले. तिसऱ्या दिवशी ती परतली, तेव्हा मी ओसरीवर वर्तमानपत्राआड उत्सुकता लपवून बसलो होतो. पाणी प्यायल्यावर तिने सांगितले, की मुलाने अंगठी हातात घेतली, एकवार रूनीकडे पाहिले आणि तिचेच नाव लिहिले. जोडाक्षरापाशी तांदूळ विस्कटले म्हणून त्याने ते पुसून पुन्हा लिहिले. नव्वदीच्या आजेसासूने ते दोनदा म्हणून पाहिले, मग हसून सोडून दिले आणि सुनेला जवळ ओढून ‘रूने’ म्हणाली.

“मी ताटाजवळच बसले होते,” मालती म्हणाली. मग ती आत गेली, आणि थोड्या वेळाने सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येऊ लागला.

तो आवाज ऐकत मी बसून राहिलो. एका नावाच्या अर्थासाठी मी समुद्रापलीकडे पत्र धाडले होते. आणि ज्या नावाला माझ्या घरात मीच मज्जाव केला, ते कुणी ठेवले, कशावरून ठेवले, बारशाला कुणी कानात सांगितले, हे मला माहीत नव्हते. विचारायला आतल्या खोलीपर्यंत दहा पावले होती. पण मला तोंडाने विचारता येत नाही. मला जे येते तेच मी केले. कागद घेतला. ‘विषय: आपल्या मूळ नावाचा उगम व अर्थ’, असे लिहिले. त्याखाली चार ओळींपेक्षा अधिक सुचले नाही. पाकिटावर ‘सौ. होळेव्वा’ एवढेच नाव आणि आमचा पत्ता घातला, आणि कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीत ते सोडून आलो.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. आमच्या घरची माणसे आणि माझे हस्ताक्षर त्याला इतक्या वर्षांत पाठ झाले होते. तो पाकीट उलटसुलट करीत पायरीवर उभा राहिला.

“आबा, ह्या नावाचं हितं कोण न्हाय की. परत धाडू काय?”

मी तोंड उघडण्यापूर्वी आतून पावले वाजली. पदराला हात पुसत ती बाहेर आली. तिने पाकिटावरचे नाव वाचले. वाचताना तिचे ओठ हलले, आणि तो उच्चार मी तांदळासमोर बसलो होतो त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही न ऐकलेला होता.

“माझंच आहे ते,” ती पोस्टमनला म्हणाली.

ते पाकीट तिने फोडले नाही. शिवणाच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवून दिले. त्याला आता महिना होत आला. कधी दुपारी डबा उघडल्याचा आवाज येतो, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग झाकण लागते. कचेऱ्यांना मी पंधरा दिवस देतो, सोळाव्या दिवशी स्मरणपत्र पाठवतो. या पत्राची नक्कल मी ठेवलेली नाही, आणि उत्तरासाठी मुदतही घातलेली नाही.